मल्लिकार्जुन गाडीत चढलेच नाहीत

माझा धंदा साखर कारखान्यांतल्या मोजमापाच्या उपकरणांचा. बॉयलरवरचे प्रेशर गेज, रसाच्या लाइनवरचे फ्लो मीटर, त्यांचं कॅलिब्रेशन, आणि गळीत चालू असताना काही बंद पडलं की रात्री-अपरात्री धावणं. घर सांगलीत, आणि कारखाने कराडपासून सोलापूरपर्यंत पसरलेले, खाली बेळगावकडेही दोन-तीन. बॉयलर पेटले की पुढचे चार-पाच महिने दिवसाचे तीन तास तरी मी गाडीत असतो, बहुतेक वेळा एकटा. गाडीतलं गाणं ही माझ्यासाठी चैन नव्हे. ते नसेल तर मी जांभया देत कारखान्यात पोचतो आणि चुकीचा व्हॉल्व्ह फिरवतो.

गाण्यांचा साठा म्हणाल तर २१,००० च्या आसपास फाइली आणि ३१० जीबी जागा. पंचवीस वर्षं विकत घेतलेल्या सीडी एकेक करून कॉम्प्युटरवर चढवलेल्या, कॅसेटी रात्री जागून उतरवून घेतलेल्या, आणि मिरजेच्या एका स्नेह्यांकडच्या जुन्या तबकड्या. मिरज-सांगलीकडच्या माणसाला गाण्याचं वेड लागलं तर त्याला फार दोष देऊ नये. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तिथेच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, उरुसात अजून गवई हजेरी लावतात. सतार-तंबोरे करणारी घरं त्याच गल्ल्यांत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं नाटक केलं ते सांगलीत. तेव्हा साठ्यात शास्त्रीय आणि नाट्यगीतं निम्म्याहून जास्त, बाकी भावगीतं, अभंग, जुनी हिंदी.

एकदा हिशेब केला. सरासरी सहा मिनिटांचं गाणं धरलं तर २१,००० गाणी म्हणजे २,१०० तास. रोज तीन तास ऐकलं तर ७०० दिवस एकही गाणं परत लागणार नाही. हा आकडा मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितला. ती म्हणाली, “अहो, पण तुम्ही तर तीच वीस गाणी ऐकता.” त्या दिवशी मी हे मनावर घेतलं नाही.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या गाडीत एमपीथ्री सीडी चालायच्या. एका सीडीत ७०० एमबी, म्हणजे दीडशेच्या आत-बाहेर गाणी, आणि खड्डा आला की तान मध्येच तुटायची. मग सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर घेतला. तो पेन ड्राइव्हवरचं गाणं एखाद्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. कल्पना झकास, पण सांगलीत मोकळी असलेली जागा सोलापुरात कुणीतरी घेतलेली असायची. मोहोळच्या पुढे जोगिया ऐन रंगात आला असताना खालून खतांची जाहिरात उगवली, तेव्हा ते यंत्र मी टोलनाक्यावरच्या पोराला देऊन टाकलं.

त्यानंतर एक खिशात मावणारा हार्ड डिस्कवाला प्लेअर मिळाला, सेकंडहँड. सगळा साठा काही त्यात मावत नव्हता, पण निम्मा मावायचा. गाडीला ऑक्सचं, म्हणजे बाहेरचं यंत्र वायरने जोडायचं, छिद्र होतं, तिथून वायर जोडली. आवाज रेडिओपेक्षा कितीतरी स्वच्छ. एकच खोट होती. प्लेअर चार्जिंगला लावला की गाण्यामागे ‘कुंईंऽऽ’ असा बारीक सूर लागायचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो वर चढायचा, सोडला की उतरायचा, कुणीतरी नवशिक्या मींडेचा रियाज करतोय असा. मी प्लेअर बदलून पाहिला, वायर बदलली, स्पीकरच्या जोडण्या घासल्या. सहा महिने.

कारण साधं होतं आणि सांगायला लाज वाटते. कारखान्यात चार ते वीस मिलिअँपच्या सिग्नलमध्ये घुसलेला ग्राउंड लूप शोधून देण्याचे मी पैसे घेतो. माझ्या गाडीत तेच झालं होतं. प्लेअरला चार्जरच्या वाटेने एक अर्थिंग मिळत होतं आणि ऑक्सच्या वाटेने दुसरं, आणि त्या वेटोळ्यातून अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राचा, आवाज गाण्यात शिरत होता. इंजिनाची गती वाढली की अल्टरनेटरची वाढते, म्हणून सूर वर. ऑक्सच्या वायरमध्ये एक छोटी डबी टाकली, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सिग्नल जातो पण तांब्याची थेट जोडणी तुटते. दोन मिनिटांत सगळं शांत. ज्यांच्या गाडीत हा सूर लागतो त्यांनी आधी चार्जर उपटून पाहावं. सूर गेला तर तीनशे-चारशे रुपयांची ही डबी पुरते, दुकानदार नवा अँप्लिफायर गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

ही व्यवस्था बरी चालली होती. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला आणि ती गाडी आरशापर्यंत पाण्यात गेली. तळमजल्याच्या कपाटातल्या सीडीही गेल्या. कागदी कव्हरं लगदा होऊन एकमेकांना चिकटली होती, त्यातून मी कुणाचं काय ते ओळखत बसलो होतो. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता म्हणून साठा वाचला. तेव्हापासून त्याच्या दोन प्रती ठेवतो, एक मुलाकडे पुण्यात.

दिवाळीनंतर विम्याचे पैसे आणि कर्ज मिळून नवी गाडी घेतली. मधोमध मोठा टचस्क्रीन. शोरूममधला मुलगा म्हणाला, “सर, पेन ड्राइव्ह लावा आणि विसरून जा.” मी २५६ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला.

इथून खरी कथा सुरू होते.

साठ्यातल्या एक चतुर्थांश फाइली फ्लॅकमध्ये होत्या, म्हणजे सीडीवरचा आवाज जसाच्या तसा, पण जागा खाणारा. त्या एमपीथ्रीत बदलल्या तर सगळं २०० जीबीत बसत होतं. मनाला पटेना. मुलगा सुट्टीला आला होता, त्याने एकाच गाण्याच्या दोन फाइली केल्या आणि सांगलीहून तासगावकडे जाताना मला न सांगता आलटून-पालटून लावल्या. दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच येतं. ऐंशीच्या वेगात, डांबराच्या घरघरीत आणि एसीच्या फुरफुरीत फ्लॅकचा थाट कुणाला ऐकू येणार? घरच्या साठ्यात फ्लॅक तसंच ठेवलं, गाडीसाठी २५६ केबीपीएसच्या प्रती काढल्या. कॉम्प्युटर तीन दिवस तापलेला होता.

पेन ड्राइव्ह लावला. स्क्रीनवर उत्तर आलं की हे साधन वाचता येत नाही. नवे मोठे पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने मांडलेले येतात, आणि अनेक गाड्यांच्या स्टिरिओला फक्त फॅट३२ ही जुनी मांडणी कळते. बरं, विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत जावं तर ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही. फॅट३२ ला स्वतःला तेवढं मोठं व्हायला काही हरकत नसते, ती अडवणूक त्या खिडकीची. वेगळा छोटा प्रोग्राम घेऊन ते काम केलं, आणि २०० जीबी पुन्हा भरायला रात्रभर लावून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीने पेन ड्राइव्ह ओळखला. एक गोल फिरत राहिलं. मी घरापासून विश्रामबागपर्यंत पोचलो, गोल फिरतंय. माधवनगरला पोचलो, फिरतंय. अकरा मिनिटांनी गाणं लागलं. दुपारी गाडी पुन्हा सुरू केली, पुन्हा अकरा मिनिटं. दर वेळी ती सगळी फाइल-नावं पहिल्यापासून वाचत होती.

आठवडाभराने मला मल्लिकार्जुन मन्सूर ऐकावेसे वाटले. यादीत नव्हते. घरी पाहिलं तर पेन ड्राइव्हवर फोल्डर जागेवर. गाडीत नाही. माणिक वर्मा नाहीत. रफी नाही. वसंतराव देशपांडे नाहीत. किशोरीताई होत्या, कुमारजी होते, लताबाईंची गाणी थोडी होती आणि मग काहीच नव्हतं. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढून वाचलं, तेव्हा मागच्या बाजूला एका कोष्टकात बारीक अक्षरांत सापडलं की एका यूएसबीवरच्या १०,००० फाइली वाचल्या जातात. फोल्डर इंग्रजी वर्णक्रमाने भरलेले असल्यामुळे गाडी अब्दुल करीम खाँसाहेबांपासून मोजत निघाली आणि लताबाईंच्या फोल्डरच्या मध्यात दहा हजार पुरे झाले. ‘एम’पासून पुढचे सगळे गवई फलाटावरच राहिले.

ही मर्यादा प्रत्येक स्टिरिओची वेगळी असते. फाइलींची असते, फोल्डरची असते, एका फोल्डरात किती फाइली याची असते, फोल्डरात फोल्डर किती खोल याचीही असते. गाडी घेताना कुणी विचारत नाही. विचारलं तरी सांगणाऱ्याला माहीत नसतं.

इंग्रजी वर्णक्रम का, हाही एक सल आहे. माझी सगळी नावं देवनागरीत होती, मोठ्या हौसेने टाइप केलेली. गाडीच्या फाँटमध्ये देवनागरीच नव्हती. स्क्रीनवर चौकोनांच्या रांगा. सात चौकोन म्हणजे बालगंधर्व की हिराबाई, हे अक्षरं मोजून ओळखायचा मी प्रयत्न केला आहे. शेवटी सगळं रोमनमध्ये आणलं आणि नवीच गंमत सुरू झाली. रोमनमध्ये मराठी लिहायची एक रीत नाही. माझ्याकडे भीमसेन जोशी पाच ठिकाणी राहत होते. एकदा नुसते, एकदा ‘पंडित’ लावून, एकदा ‘पं.’ लावून, एकदा जोशी आधी आणि भीमसेन मागून, आणि एकदा ‘भीम’मधला दीर्घ ई दोन ‘ई’ लावून. गाडीच्या लेखी ती पाच वेगळी माणसं. नाट्यगीत, नाट्यसंगीत, नाट्यपद हे तीन वेगळे प्रकार. ‘इतर’ नावाच्या प्रकारात चार हजार गाणी.

एमपीथ्रीटॅग नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात शेकडो फाइली निवडून एकदम नाव बदलता येतं. पावसाळ्यात कारखाने बंद असतात, त्या दोन महिन्यांतले सगळे रविवार यात गेले. एक नियम ठरवला, ‘पंडित’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ काही लावायचं नाही. ऐकताना आदर आहेच.

मग क्रम. गीतरामायण हे याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी झाली, आणि ती ओळीनेच ऐकायची असतात. माझ्या फाइलींना १, २, ३ असे आकडे होते. गाडीला आकडा कळत नाही, तिला अक्षर कळतं. एकच्या मागे दहा, अकरा, बारा, मग एकोणीसनंतर दोन, दोनच्या मागे वीस. सीतेचं स्वयंवर झालं, वनवास लागला, त्यानंतर अयोध्येची ओळख करून देण्यात आली. रामजन्माचं गाणं सहावं. सहा आला छप्पन्नच्या नंतर. म्हणजे अख्खं रामायण आटोपलं आणि मग राम जन्माला आला. आमच्या आई मागच्या सीटवर होत्या. त्या म्हणाल्या, “तुझ्या गाडीला कुणी शिकवलंय की नाही?”

उपाय सगळ्यांना माहीत असतो, ०१, ०२ असं लिहायचं. पण काही स्टिरिओ नावाकडे बघतच नाहीत, पेन ड्राइव्हवर जी फाइल आधी लिहिली ती आधी लावतात. तिथे नावं कितीही नीट केली तरी उपयोग शून्य. अशा वेळी पेन ड्राइव्ह पूर्ण कोरा करून फाइली क्रमाने एकेक कॉपी कराव्या लागतात, किंवा फॅटची यादी क्रमाने लावून देणारे छोटे प्रोग्राम मिळतात ते वापरायचे. मधूनच एक गाणं घातलं की ते शेवटी जाऊन बसतं.

आवाजाची पातळी हा त्याहून मोठा जाच. खाँसाहेबांची तबकडी तीन मिनिटांची, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. तुम्ही बटण फिरवून अठ्ठावीसवर नेता. डोळे मिटावेसे वाटतात, पण गाडी चालवत असता म्हणून मिटत नाही. तबकडी संपते आणि पुढचं हिंदी गाणं अठ्ठावीसवर सुरू होतं, ट्रंपेटसकट. कासेगावजवळ मी एकदा स्टिअरिंग सोडून कानांवर हात नेला आहे.

फाइलीला ‘एवढं कमी-जास्त कर’ अशी चिठ्ठी लावण्याची एक पद्धत असते, फोनवरचे चांगले प्लेअर ती वाचतात. गाडी वाचत नाही. एमपीथ्रीगेन हा जुना प्रोग्राम चिठ्ठी लावत नाही, तो फाइलीच्या आतला आवाजाचा आकडाच बदलतो, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. गाणं नव्याने दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि कुठल्याही यंत्राला ते ऐकावंच लागतं. मी त्याची ठरलेली ८९ डेसिबलची पातळी ठेवली. तबकड्यांची खरखर वाढली, ते खरं. पण आता बटणाला हात न लावता सांगली ते कराड जाता येतं.

आणि जोड. सीडीवर एकच मैफल चार तुकड्यांत असते, विलंबित एक, द्रुत दुसरा. सीडी प्लेअर ते सलग वाजवायचा. गाडीतला स्टिरिओ प्रत्येक तुकड्यानंतर श्वास घेतो. तबलजीने तिहाई टाकली आहे, गवई समेवर येतोय, आणि तिथे अर्धा सेकंद काहीच नाही. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं. अशा सगळ्या मैफली मी जोडून एकेक लांब फाइल केली. त्याचा उलटा त्रास म्हणजे बावन्न मिनिटांच्या रागात तुम्ही चहाला थांबलात आणि पेन ड्राइव्ह काढला की परत आल्यावर आलापापासून सुरुवात. हे मी स्वीकारलं आहे.

एवढं करूनही १०,००० ची भिंत होतीच. मग फोनकडे वळलो.

घरी जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर साठा ठेवून इंटरनेटवरून गाडीत ऐकायचं. मुलाने पुण्याहून बसल्या जागी सगळं जोडून दिलं. ३२० केबीपीएसच्या गाण्याला तासाला १४४ एमबी डेटा जातो, ते परवडण्यासारखं आहे. पहिल्याच आठवड्यात रत्नागिरीला निघालो. मलकापूर गेलं, आंबा घाट लागला, धुकं आणि कुमार गंधर्व, आणि दुसऱ्या वळणाला कुमार गंधर्व गेले. साखरप्याला परत आले. पुढच्या आठवड्यात घरी वीज गेली आणि मी जतच्या माळावर पूर्ण नेटवर्क असून गाण्याशिवाय.

म्हणून ५१२ जीबीचं कार्ड फोनमध्येच घातलं. सगळा साठा खिशात, ना नेटवर्क ना वीज. हे तांत्रिकदृष्ट्या पूर्ण उत्तर आहे, मी कुणालाही हेच सुचवेन. देवनागरी दिसते, तुकड्यांमधला जोड जाणवत नाही, आवाजाची चिठ्ठी वाचली जाते, बंद केलं तिथून सुरू होतं. फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचा नाही एवढंच. माझ्या जुन्या फोनची बॅटरी तशीच फुगली.

अडलं दुसरीकडेच. फोन गाडीला जोडला तरी गाडी चालू असताना स्क्रीनवरची यादी थोडी सरकते आणि थांबते, पुढे बघू देत नाही, सुरक्षेसाठी. तोंडाने सांगावं तर मी “कुमार गंधर्व” म्हणतो आणि फोनमधली बाई “कुमार सानू लावत आहे” म्हणते. “नाट्यगीत” म्हटल्यावर तिने मला नाशिकचा रस्ता दाखवला. मग मी फोनच हातात घ्यायला लागलो. वाईट सवय आहे, माहीत होतं.

जानेवारीतली रात्र, साडेनऊ झाले असतील. आष्ट्याच्या पुढे मी फोनवर बागेश्री राग शोधत होतो. एकूण सत्तेचाळीस बागेश्री. अंगठा सरकवत कुठली लावावी हे ठरवत होतो. मान वर केली तर दिव्याच्या उजेडात उसाचे शेंडे, अगदी समोर. बैलगाडी. मागे रिफ्लेक्टर नाही, कंदील नाही, वर गाडीवान गोणपाट पांघरून बसलेला. ब्रेक लागला, फोन पायाखाली गेला, गाडी शेंड्यांना टेकून थांबली. काचेवर दोन हिरवी पाती वायपरमध्ये अडकली होती. गाडीवानाने वळूनही पाहिलं नाही. बैल चालत राहिले. मी दहा मिनिटं कडेला उभा होतो.

त्याच आठवड्यात एका कारखान्यावर उसाच्या वजनकाट्याजवळचं काम होतं. काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग, आणि रांगेत प्रत्येकाचा वेगळा दणका. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते सांगता येणार नाही. पुढच्या ट्रॅक्टरवर हलगी, मागच्यावर रिमिक्स, त्याच्या मागे हरिपाठ. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर जतकडचा, पंचविशीतला. त्याच्या स्टिअरिंगच्या बाजूला तारेच्या कडीत पाच पेन ड्राइव्ह लटकत होते, किल्ल्यांच्या जुडग्यासारखे. एकाला रबर बँड, एकाला तांब्याची तार गुंडाळलेली, एकाला काळा दोरा, एकाचं टोपण तुटकं, एक मोकळा.

मी विचारलं, हे काय.

“ह्यो पहाटंचा. ह्यो रातचा, झोप येऊ नये म्हणून. ह्यो मोकळ्या ट्रॉलीचा. ह्यो घाटाचा.” मग तुटक्या टोपणाचा दाखवून म्हणाला, “आन् ह्यो मालक बसला की.”

“यादी कुठं दिसते?”

त्याने टेपकडे बोट केलं. दोन आकड्यांची लाल पट्टी आणि एक गोल बटण. “यादी काय करायची साहेब? मागं बारा टन ऊस हाय. फुडं बघू का यादी बघू? हाताला कळलं की झालं.”

“किती गाणी आहेत एकात?”

“काय म्हाइत. संपत न्हाईत एवढी.”

मी त्याला माझ्या २१,००० बद्दल काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी १६ जीबीचे चार पेन ड्राइव्ह आणले. एवढे लहान असले की फॅट३२ ची कटकट नाही, एकात दीड हजारांच्या आसपास गाणी बसतात म्हणजे भिंतीचा प्रश्न नाही, आणि गाडी अकरा मिनिटांऐवजी वीस सेकंदांत वाचून मोकळी होते. कारखान्यात वायरींच्या टोकांना घालतो त्या हीट श्रिंक स्लीव्ह माझ्याकडे ढीगभर असतात. एकावर स्लीव्हचं एक पेर, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथा कोरा. अंधारात अंगठ्याला कळतं.

फोल्डर गवयांच्या नावाने लावायचे सोडून दिले. शास्त्रीयसाठी प्रहर लावले. सकाळी निघालो तर भैरव, तोडी, जौनपुरी. दुपारच्या फोल्डरमध्ये सारंग, पुढे भीमपलास आणि मुलतानी. परतताना मारवा, पूरिया, यमन. रात्री बागेश्री, दरबारी, मालकंस. शोधायचं काही उरत नाही, घड्याळ बघायचं आणि फोल्डर पुढे सारायचा. कुठली बागेश्री हे मी ठरवत नाही, जी येईल ती. दोन पेरांच्या पेन ड्राइव्हवर नाट्यगीतं आणि भावगीतं, तीनवर हिंदी, आणि कोऱ्यावर दुसरं कुणी सोबत असेल तेव्हाचं. त्यात बायकोने स्वतः निवडलेली गाणी आहेत. त्यात माझ्या वीसांपैकी तीन निघाली.

मुलाने छोटा प्रोग्राम लिहून दिला आहे. दर रविवारी तो चारही पेन ड्राइव्ह कोरे करतो, घरच्या साठ्यातून बऱ्याच दिवसांत न वाजलेली गाणी उचलतो, चार आकडी क्रमांक लावतो आणि एकेक करून लिहितो, म्हणजे गाडीला चुकायला जागा नाही. गीतरामायण एकगठ्ठा येतं, कोऱ्या पेन ड्राइव्हवर कायम. राम आता वेळेवर जन्मतो. परवा विट्याच्या पुढे मल्लिकार्जुनांचं एक ध्वनिमुद्रण लागलं, जे माझ्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी सीडीवरून चढवलेलं असणार. घरी जाऊन पाहिलं तर एकदाही वाजलेलं नव्हतं.

फोनमधलं ५१२ जीबीचं कार्ड आहे तसं आहे. कुणी फर्माईश केली तर गाडी कडेला घेतो आणि त्यातून लावतो.

त्या जतच्या पोरालाही एक पेन ड्राइव्ह भरून दिला, वर हिरवी स्लीव्ह घालून. निवडून निवडून नाट्यगीतं, काही अभंग, थोडं कुमारजी. त्याने कडीत सहावा म्हणून अडकवला. तीन आठवड्यांनी परत त्याच काट्यावर गेलो, तर टेपमध्ये हिरवी स्लीव्ह दिसली आणि आतून ढोलकी कडाडत होती.

“साहेब, राग नगा मानू,” तो म्हणाला. “तुमची गानी पुसली. चांगली हायत, पर ऊस घिऊन चालताना झोप येती. पेन ड्राइव चांगला व्हता, मोकळा कशाला ठिवायचा? एक तेवढं ठिवलंय तुमच्यातलं.”

“कुठलं?”

“नाव काय ठावं न्हाई. बाईचं हाय. मधीच कुठंतरी लागतंय.” रांग पुढे सरकली, त्याने गिअर टाकला. “लागलं की हाक मारतो!” एवढं ओरडून तो काट्यावर चढला.